नागुबाई सरकणार नाहीत

नवऱ्याची स्वतःची जीप असलेली बाई म्हणून निलंग्यातल्या बायका नागुबाईंचा हेवा करायच्या. "तुमचं बरं हाय बाई, दारात गाडी उभी," असं कुणी म्हटलं की नागुबाई पदर सावरून हसायच्या आणि विषय बदलायच्या. दारात गाडी होती हे खरंच होतं. त्या गाडीत नागुबाईंना जागा नव्हती, हेही तितकंच खरं होतं. पण ते सांगायचं कुणाला?

लिंबाजींची गाडी काळीपिवळी. निलंगा-औसा-लातूर आणि लातूर-औसा-निलंगा, यातच त्यांचा जन्म गेला. काळीपिवळीत किती माणसं बसतात हा प्रश्न मराठवाड्यात कुणी विचारत नाही. फाट्यावर जेवढी उभी असतील तेवढी बसतात. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघं आणि उजव्या हाताला दाराशी अर्धा बाहेर लोंबकळणारा एक, त्यामुळं गाडी नेमकी कोण चालवतंय हे समोरून येणाऱ्याला कळायची सोय नाही. मधल्या सीटवर मांडीवर मांडी, मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्यात गुडघा, आणि पायरीवर उभे राहणारे ते वेगळेच. गाडी भरल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा लिंबाजींचा नेम होता. त्या नेमावर घर चाललं, पोरगा शिकला, हे नागुबाईंनी कधी नाकारलं नाही. त्यांचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं.

लिंबाजींच्या लेखी घरचं माणूस म्हणजे बिनभाड्याचं माणूस. दवाखान्यात जाताना, कुणाच्या लग्नाला जाताना नागुबाई हौसेनं पुढं खिडकीशी बसायच्या. गाडी फाट्यावर थांबायची, कुणीतरी हात दाखवलेला असायचा, आणि लिंबाजी त्यांच्याकडं न बघताच म्हणायचे, "जरा सरक." मग त्या गियरपाशी सरकायच्या, जिथं प्रत्येक गियर गुडघ्यावर येऊन आदळतो. पुढच्या फाट्याला मधल्या सीटवर, आणि त्याच्या पुढच्या फाट्याला अगदी मागं, कुणाच्यातरी कोंबड्याशेजारी. तक्रार केलीच तर उत्तर ठरलेलं होतं. "म्होरल्या फाट्याला ये की पुढं." तो फाटा कधी आलाच नाही. मागं बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, नुसता मागं पडलेला रस्ता दिसतो. गाडी मध्येच थांबली की नागुबाई मागून विचारायच्या, "काय झालं म्होरं?" एवढ्या माणसांतून त्यांचा आवाज पोचायचा नाही, आणि पोचला तरी उत्तर द्यायला कुणाला सवड नसायची.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. औसा मात्र त्यांना गिळता आला नाही.

त्यांचं माहेर हदगावकडचं. पोरगा आनंदराज अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. आई शेवटच्या दुखण्यात आहे असा निरोप आला. लिंबाजी म्हणाले, चल, लातूरला नांदेडच्या गाडीत बसवून देतो. औशाला लग्नाचं वऱ्हाड उभं होतं. गाडी गच्च झाली, तरी दोघं उरले. लिंबाजी म्हणाले, "तू उतर हितं. म्होरल्या फेरीला घेतो तुला." पैसे त्यांच्याच खिशात होते. नागुबाई लेकराला आणि गाठोड्याला घेऊन औशाच्या चौकात उतरल्या. त्या हदगावला पोचल्या तोपर्यंत आईची माती होऊन गेली होती. भावजय म्हणाली, शेवटी दाराकडं बघत होत्या. नागुबाईंनी त्यावर तोंडातून शब्द काढला नाही, आणि लिंबाजींनीही पुढं कधी औशाचं नाव त्या अर्थानं घेतलं नाही. रोज औशावरून गाडी नेणारा माणूस, पण नाही.

वर्षं गेली. आनंदराज लातूरला एका कार्यालयात चिकटला. त्याला बायको मिळाली महामाया, शाळेत इतिहास शिकवणारी, बोलायला मऊ आणि वागायला ठाम. तिनं मोटार ट्रेनिंगला जाऊन लायसन काढलं आणि नवऱ्याची छोटी कार नवऱ्यापेक्षा तीच जास्त चालवायला लागली. लिंबाजींना ते पसंत नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याच्या स्टिअरिंगमागं आपण बसत नसतो, हे त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या स्टिअरिंगला तर पोटच्या पोरालाही हात लावायची मुभा नव्हती. पुढं परमिटची मुदत संपली. जीप पांढरी रंगवून घेतली, तरी दाराच्या फटीत पिवळा रंग दिसायचाच. आता ती भंगारात जायला थोडेच दिवस उरले होते. तेव्हा नात साक्षी म्हणाली, त्याआधी तिच्यातून तंबू घेऊन फिरायला जाऊ या. महामायानं बिदर, कलबुर्गी, विजापूर, बदामी आणि हंपी असा बेत आखला. मुक्कामाला लॉज नाही, जिथं जागा मिळेल तिथं तंबू ठोकायचा.

बेत ऐकून शेजारच्या केवळाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, घरदार असताना पालात राहायला चाललाव? लोक काय म्हणतील?"

"लोकाला सांगा," नागुबाई म्हणाल्या, "घर हाय म्हणूनच पालाची हौस करून राहिलोय. नसतं तर केली नसती."

मग त्या घरात आल्या, आणि सगळे चहा पीत असताना त्यांनी आपली अट सांगितली. "म्या येते. पर पुढं बसणार, खिडकीला. निलंगा सोडल्यापून निलंग्याला परत येईस्तवर ती खिडकी माझी. कुणासाठी बी सरकणार न्हाई."

आनंदराज हसला. त्याला ती गंमत वाटली. महामाया हसली नाही.

"हाव, हाव, बस की," लिंबाजी सुपारी कातरत म्हणाले. जी गोष्ट आपण लक्षात ठेवणार नाही ती माणूस फार पटकन कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीत ते निघाले. मागं दोन तंबू, सतरंज्या, शेगडी, पिठाचा डबा आणि आनंदराज-साक्षी. पुढं लिंबाजी, मध्ये मोबाईलवर रस्ता बघायला महामाया, आणि खिडकीशी नवं लुगडं नेसलेल्या नागुबाई. बिदरचा रस्ता धरायचा सोडून लिंबाजींनी गाडी थेट स्टँडच्या कोपऱ्यावर नेली, जिथं काळीपिवळीचे नंबर लागतात, आणि इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं आनंदराजनं मागून विचारलं, "आबा, का थांबलोत?"

"आजून शिटा रिकाम्या हायत," लिंबाजी म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चावी फिरवली, पण अर्धी रिकामी गाडी हाकताना त्यांचा चेहरा एवढा पडला होता की स्टँडवरच्या चहावाल्यानं त्यांना काही वाईट घडलंय का म्हणून विचारलं.

औराद यायच्या आत त्यांनी पहिला हात दाखवणारा उचलला. दोघं होते, भालकीला निघालेले. गाडी थांबली, आणि लिंबाजींनी नेहमीप्रमाणं खिडकीकडं न बघता म्हटलं, "जरा सरक."

नागुबाईंचं अंग आपोआप हललं. पाय उचललाही गेला होता. त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी पाय परत खाली ठेवला आणि दाराची कडी घट्ट धरली. "न्हाई," त्या म्हणाल्या.

लिंबाजींनी आता मात्र वळून बघितलं.

"म्या निलंग्यातच सांगितलंय. न्हाई म्हंजे न्हाई."

ते दोघं मागं चढले आणि मांडीवर एकेक तंबू घेऊन भालकीपर्यंत गेले. उतरताना त्यांनी भाडं विचारलं तेव्हा आनंदराजनं हात जोडून नको म्हटलं. लिंबाजींनी बिदर येईपर्यंत गाडी रागारागानं हाकली. नागुबाईंना काही फरक पडला नाही. काचेतून थेट समोर बघताना रस्ता आपल्या अंगावर येतो, झाडं आधी लहान असतात आणि मग मोठी होतात, वळणाच्या पलीकडं काय आहे ते वळल्या वळल्या कळतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण म्हातारं व्हायची वाट बघितली, याचं त्यांना हसू आलं आणि वाईटही वाटलं.

बिदरला लिंबाजींच्या ओळखीचा मलप्पा होता, एकेकाळी तोही जीप चालवायचा. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत त्यानं आपल्या शेतातली चिंचेखालची जागा दाखवली. तंबू उभा करताना आनंदराज आणि लिंबाजी या दोघांनी मिळून एकच काठी दोन वेळा वाकवली. रात्री लिंबाजी तंबूत शिरलेच नाहीत, जीपच्या बाकावर झोपले. सकाळी किल्ला झाला, मदरशाच्या भिंतीवरच्या निळ्या फरश्या झाल्या, आणि निघायच्या वेळी लिंबाजी जीपभोवती फिरून अगदी सहज आवाजात म्हणाले, "ते डाव्या दाराची कडी ढिली झालीया. वळणावर दार उघडलं म्हंजे? तू आपली मधी बसत जा."

नागुबाई मलप्पाच्या गोठ्यात गेल्या, कासरा मागून आणला, आत बसून दार कडीपासून सीटच्या पायापर्यंत आवळून बांधलं. "चला," त्या म्हणाल्या.

कलबुर्गीला ते बुद्धविहारात गेले. पांढऱ्या घुमटाखाली मेणबत्ती लावताना नागुबाईंनी कुणासाठी काही मागितलं नाही. मागायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी विहारापासून लांब एका ढाब्याच्या मोकळ्या अंगणात तंबू लागला. आनंदराज आईजवळ येऊन बसला. त्याला हे प्रकरण मिटवायचं होतं. रोज वाटेत कुणी ना कुणी गाडीत घेतलं जात होतं, आणि रोज तेच होत होतं. तो म्हणाला, "आई, आबांची सवय आहे ती. जन्म गेला त्यांचा. तू एवढं ताणू नको."

"माझी बी सवय व्हती," नागुबाई भाकरी थापत म्हणाल्या. "म्या मोडून राहिले. त्यानला बी जमंल."

"पण एका जागेसाठी कशाला एवढं?"

नागुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्याला औशाची गोष्ट ठाऊक नव्हती. तो तेव्हा त्यांच्या मांडीवर होता. "तू खा," त्या म्हणाल्या.

विजापूरला महामायानं सगळ्यांना पहाटेच उठवलं. शाळांच्या सहली यायच्या आत गोलघुमटावर पोचायचं होतं, म्हणजे आवाजाची गंमत कळते. अरुंद जिना चढताना नागुबाईंचे गुडघे बोलत होते, पण त्या कुठं बसल्या नाहीत. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. साक्षीनं समजावून सांगितलं, "आज्जी, तू इथं भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं. आबा पलीकडं कान लावतील. त्यांना सगळं ऐकू जातं." आबांना तिनं हाताला धरून पलीकडं नेऊन उभं केलं. इतक्या लांबून ते एवढेसे दिसत होते, डोक्यावरची टोपी हातात घेऊन भिंतीला कान लावलेले.

नागुबाईंनी भिंतीला तोंड लावलं. दगड गार होता. आयुष्यभर या माणसाला आपण मागच्या बाकावरून हाका मारल्या, आणि मध्ये नेहमी कुणाची तरी पाठ आली, हे त्यांना आठवलं. आज मध्ये कुणीच नव्हतं.

"म्या सरकणार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

पलीकडं लिंबाजी दचकून मागं झाले. त्यांनी मागं वळून बघितलं, मग वर बघितलं. घुमट तेच बोलला, पुन्हा बोलला, आणि मग दमल्यासारखा विरत गेला. सज्ज्यातला पहारेकरी, त्याला मराठी येत नसावं, तरी गालात हसला. मग लिंबाजींनी तोंड भिंतीला लावलं आणि नागुबाईंच्या कानात त्यांचा आवाज अगदी जवळून आला. "खाली गेल्यावर च्या घ्यायचा का?"

नागुबाईंना हसू फुटलं. चहा त्यांनी घेतला. पण चहानंतर गाडीत बसताना कासरा आधी तपासला.

बदामीला लेणी बघितली, तळ्यावर पाय धुतले, एका शेतकऱ्याच्या मक्याच्या कडेला मुक्काम केला. त्या रात्री लिंबाजी पहिल्यांदा तंबूत झोपले, पण पाठ फिरवून. आता फक्त हंपी राहिली होती, आणि नागुबाईंना वाटायला लागलं की आपण जिंकलो. असं वाटलं की हमखास काहीतरी येतं.

हंपीच्या वाटेवर एका फाट्यावर एक म्हातारी उभी होती. कमरेतून वाकलेली, हातात काठी, पायाशी कापडी पिशवी. तिनं हातसुद्धा दाखवला नव्हता. लिंबाजींनी तरी गाडी थांबवली. नागुबाईंना कामापुरती कानडी येत होती. निलंग्याच्या बाजारात अर्धी गिऱ्हाइकं कर्नाटकातलीच. त्यांनी विचारलं, म्हातारीनं सांगितलं. सकाळची बस चुकली होती, गाव पुढं याच रस्त्यावर होतं, आणि चालवत नव्हतं.

"मागं चढाया जमायचं न्हाई तिला," लिंबाजी म्हणाले, आणि ते खरंच होतं. मागं चढायचं म्हणजे मोडक्या पायरीवर पाय देऊन वाकून आत शिरायचं. ते नागुबाईंकडं वळले. आज त्यांचा आवाज वेगळा होता. आज ते बरोबर होते, आणि ते त्यांना माहीत होतं. "आता तरी सरकशील का न्हाई? म्हातारं माणूस हाय."

आनंदराज बघत होता. साक्षी बघत होती. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हातारीही बघत होती. म्हातारीला घ्यायचंच, याबद्दल नागुबाईंच्या मनात दुमत नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना एक गोष्ट लख्ख कळली. आजवर प्रत्येक फाट्यावर हेच झालं होतं. समोरच्याची अडचण दरवेळी खरीच असायची, आणि उठायचं दरवेळी नागुबाईंनीच. औशाच्या वऱ्हाडालाही लग्न गाठायचंच होतं की.

"आत्या, मी जाते मागं," महामाया उठायला लागली. "यांना मध्ये घेऊ."

नागुबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बस. आजवर बाईच उठत आली या गाडीत. आता तू कामून सुरू करतीस?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही उतरा."

"म्या?"

"हाव. गाडी तुम्ही थांबिवली. दया तुम्हाला आली. मंग जागा बी तुम्हीच द्या."

"अन् गाडी कोण चालवंल?"

"महामाया चालवंल. ती बसली स्टिअरिंगवर की मधली जागा मोकळी."

लिंबाजींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, जसं काही कुणी ते उपटून न्यायला आलं होतं. "माझ्या स्टिअरिंगला आजपस्तोर कुणी हात लावला न्हाई."

"मंग आज लागंल."

त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि समोर बघत बसले. मागून आनंदराज म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

नागुबाईंनी दाराला बांधलेला कासरा सोडला. लिंबाजींना वाटलं, उठली एकदाची. पण नागुबाई जागेवरून हलल्या नाहीत, त्यांनी नुसतं दार उघडलं आणि मागं हाक दिली. "साक्षी, शेगडी काढ खाली. आनंद्या, तंबू काढ. ते लिंबाचं झाड बरं हाय. पीठ हाय, पाणी हाय, आपल्याला कुठं कुणाची वाट बघायची हाय? हितंच मुक्काम करू. म्हातारीला बी च्या पाजू. त्यानला चावी गवसली की निघू."

साक्षीनं खरंच शेगडी खाली घेतली. पोरीला सहलीतला हाच मुक्काम सगळ्यात पसंत पडला होता.

म्हातारीला या बोलण्यातलं काही कळलं नव्हतं. ती लिंबाजींच्या दाराशी आली आणि नुसती बघत राहिली. आपल्याला नेणार की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं, तेही ती विचारत नव्हती. लिंबाजींनी तिच्याकडं बघायचं टाळलं, आणि मग बघितलं. त्यांच्या सबंध आयुष्यात रस्त्यावर उभं असलेलं माणूस मागं टाकून त्यांची गाडी गेली नव्हती. एकच माणूस मागं टाकलं होतं, आणि ते खिडकीशी बसलं होतं.

ते उतरले. चावी महामायाच्या हातात दिली नाही, सीटवर ठेवली. गाडीला वळसा घालून गेले, मोडक्या पायरीवर पाय दिला, वाकले, डोकं टपाला आपटलं, आणि तंबूंच्या शेजारी आडव्या बाकावर जाऊन बसले.

नागुबाई खाली उतरल्या. "बर्री," म्हणत म्हातारीला धरून आधी मध्ये बसवलं, तिची काठी नीट ठेवली, आणि मग स्वतः चढून, दार पुन्हा कासऱ्यानं आवळून खिडकीशी बसल्या. महामायानं आरसा आपल्या मापानं फिरवला. गाडी सुरू झाली.

"क्लच सोड हळू," मागून आवाज आला. "दुसरा टाक. आता तिसरा. अगं, खड्डा हाय..." खड्डा मागं गेल्यावर दिसला होता. महामाया प्रत्येक वेळी "हो मामा" म्हणाली आणि आपल्या पद्धतीनं चालवत राहिली. म्हातारीच्या गुडघ्यावर एकदाही गियर आदळला नाही. हळूहळू मागचा आवाज बंद झाला.

म्हातारीचं घर रस्त्यापासून आत होतं, महामायानं गाडी दारापर्यंत नेली. म्हातारीनं कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाची चटणी आणून नागुबाईंच्या ओटीत घातली, नको म्हणायला जागाच ठेवली नाही. तोवर लिंबाजी मागून उतरले होते. त्यांनी शर्टावरची धूळ झटकली, टोपी सारखी केली आणि ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. मधली जागा आता रिकामी होती. महामाया सरकायच्या बेतात होती.

"बस गं," नागुबाई तिला म्हणाल्या. मग खिडकीतून मान बाहेर काढून नवऱ्याला म्हणाल्या, "मागं बसा. म्होरल्या फाट्याला बघू."

लिंबाजींचा हात दारावरच राहिला. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी ते इतक्या वेळा वापरले होते की स्वतःला कधी ऐकू येतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते चिडतील म्हणून आनंदराज पुढं झाला. पण लिंबाजींनी दारावरचा हात काढला. गेले आणि मागं बसले.

पुन्हा रस्ता लागला. ऊस, सूर्यफूल, पुन्हा ऊस. बऱ्याच वेळानं मागून लिंबाजींचा आवाज आला, भांडणाचा नव्हे. "आनंद्याची माय."

"काय?"

"त्या दिवशी औशाला... किती येळ बसली व्हतीस गं तू?"

नागुबाईंनी काचेतून समोर बघितलं. इतकी वर्षं त्यांनी या प्रश्नाची वाट बघितली होती. आता तो आला. उत्तर तयारच होतं.

"दिवे लागंस्तवर," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी दोन बारी माझ्यासमोरून गेली. दोन्ही बारी भरलेली व्हती. एकदा तुम्ही हात बी दाखविला, म्होरल्या फेरीला म्हणून."

साक्षी काहीतरी विचारणार होती, आनंदराजनं तिचा हात धरला. तो आईच्या पाठीकडं बघत होता. लिंबाजी मागच्या उघड्या दारातून मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिले. त्यांना दुसरं काही दिसायची सोयच नव्हती.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले.

"हाव," नागुबाई म्हणाल्या. "चुकलंच."

फाटा आला. महामायानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि सासूकडं बघितलं. मागून कुणी काही मागितलं नाही. नागुबाईंनी हातानंच चल म्हणून सांगितलं, आणि फाटा गेला.

थोडं पुढं गेल्यावर उसाचं रान सरलं आणि समोर एकदम डोंगर उभे राहिले, मातीचे नव्हेत, नुसत्या धोंड्यांचे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, उन्हात तांबूस झालेले. महामायानं आपसूक गाडी हळू केली. नागुबाईंनी दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवले.

"काय झालं म्होरं?" मागून लिंबाजींनी विचारलं. "गाडी कामून हळू केली? काय दिसून राहिलंय?"

हा प्रश्न नागुबाई पुरता ओळखत होत्या. त्याला उत्तर मिळालं नाही की मागं बसलेल्याला कसं वाटतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान वळवली नाही, पण आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढा चढवला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "सगळं सांगते. पर तुम्ही बसा तिथंच."